पहिल्यांदाच पोलिओच्या बूथवर बसणार आहेस ना?

घाबरू नकोस, दोन थेंब पाजणं दिवसाभरात हाताला बसतं. चुका होतात त्या बाकीच्या गोष्टींत.

कुपी उघडण्याआधी तिच्यावरचं चिन्ह बघ. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तरच लस वापरायची. दोन्हींचा रंग सारखा झाला की ती कुपी बाजूला. नवीन मंडळी कॅरियरचं, म्हणजे लस थंड ठेवायच्या डब्याचं, झाकण सारखं उघडतात किंवा डबा उन्हात ठेवतात, तेवढं सांभाळ.

थेंब आधी, डाव्या करंगळीवर खूण नंतर. बाळाने थुंकलं तर पुन्हा पाज.

आता महत्त्वाचं, आयांशी बोलणं. "याचे सगळे डोस झालेत" हे तू शंभरदा ऐकशील. वाद घालू नकोस. सांग, "छान केलंत, पण हे थेंब पाच वर्षांखालच्या प्रत्येकाला, त्या डोसांच्या जोडीला." कालच जन्मलेल्या बाळालाही, साधी सर्दी असेल तरीही. भारतातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये हावड्याला सापडला, म्हणून "आता कशाला?" असंही विचारतील. शेजारच्या पाकिस्तान-अफगाणिस्तानात विषाणू अजून आहे, आणि तो प्रवाशांबरोबर येतो.

आपल्या इंदूरात राजवाड्याजवळच्या जुन्या वाड्यांत मुलं भेटतात. सुटतात ती बांधकामांवरची आणि सरवटे बसस्थानकावरची. तिकडे मुद्दाम जा, मला ते सगळ्यात मोलाचं काम वाटतं.

नोंदवह्या नि अहवाल पुढच्या फेरीला शिकवीन. घरातलं एकही मूल राहिलं तर दारावर 'एक्स' लिही, लाजून 'पी', म्हणजे सगळ्या मुलांना पाजलं, असं लिहू नकोस.