नाना प्रेमात पडतात तेव्हा हसावे कोणाला?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयावरची होती. जोडीदार गमावलेली आई किंवा वडील पुन्हा प्रेमात पडतात, या कथासूत्रावर चार वेगवेगळे पुणेकर विनोदी नाटक उभे करू पाहत आहेत. म्हणून या वेळी ती चारही पत्रे एकत्र घेतली आहेत. पत्रांचा मजकूर जागेअभावी संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवासाठी मी दोन अंकी नाटक लिहीत आहे. नायक नाना ६८ वर्षांचे, बँकेतून निवृत्त झालेले; पत्नीला जाऊन सहा वर्षे झाली आहेत. हनुमान टेकडीवर सकाळी फिरताना त्यांची एका निवृत्त शिक्षिकेशी ओळख होते आणि पुढे प्रेम जमते. वाचनाच्या वेळी सगळे पोट धरून हसले, परंतु नानांची भूमिका करणारे आमचे शेजारी, जे स्वतः विधुर आहेत, दुसऱ्या दिवशी वही परत करून गेले. माझे काय चुकले?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : आपण संहितेची प्रत सोबत पाठवलीत हे बरे झाले, कारण उत्तर तिच्या पहिल्या वीस पानांतच आहे. नाना केसांना कलप लावतात, मुलाचा टी-शर्ट घालतात, गुलाबाचे फूल देण्यासाठी गुडघ्यावर बसतात आणि त्यांना उठता येत नाही, मोबाइलवर भलत्याच गटात भलताच निरोप पाठवतात. या चारही जागांवर हशा येतो तो एकाच कारणाने : या वयाच्या माणसाने असे करणे शोभत नाही, हे प्रेक्षक आणि लेखक यांनी आधीच ठरवून टाकलेले आहे. आपल्या शेजाऱ्यांना ते उमगले आणि त्यांनी वही परत केली. त्यांचे चुकले असे मला वाटत नाही.

म्हाताऱ्या नवरदेवाला हसण्याची सवय आपल्या रंगभूमीला जुनी आहे. देवलांचे 'संगीत शारदा' १८९९ सालचे. त्यातला पंचाहत्तरीचा भुजंगनाथ कोवळ्या शारदेशी लग्न करू पाहतो आणि सारे प्रेक्षागृह त्याला हसते. ते हसणे न्यायाचे होते, कारण ज्या मुलीला बोलायची मुभाच नव्हती तिच्या बाजूने ते उभे होते. पुढे आपण भुजंगनाथाची हौस तेवढी लक्षात ठेवली आणि शारदेला विसरलो. आपल्या नाटकातील शिक्षिका ६३ वर्षांच्या आहेत, स्वतःच्या पायांनी टेकडी चढून आल्या आहेत आणि नानांपेक्षा स्पष्ट बोलतात. येथे कोणावरही अन्याय होत नाही, त्यामुळे त्या जुन्या हशाला येथे आधार उरत नाही.

मग हसावे कोणाला, हा आपला खरा प्रश्न. ग्रीक आणि रोमन काळापासून प्रेमाच्या सुखात्मिकेचा एक ठरलेला साचा आहे : तरुण जोडी, आणि तिच्या वाटेत उभे असलेले वडीलधारे. आपल्या कथेत हा साचा उलटा झालेला आहे, आणि याच्यासारखे घबाड विनोदी लेखकाला क्वचित मिळते. येथे लपूनछपून भेटणारे आईवडील आहेत, आणि 'ते कोण, कुठले, घरी कोण कोण असते, लोक काय म्हणतील' असे विचारणारी मुले आहेत. आपल्या संहितेत मुलाला दोनच प्रवेश आहेत, ते वाढवावेत. बाणेरला राहणारी मुलगी रोज रात्री नऊ वाजता फोन करून 'बाबा, घरी पोहोचलात ना?' असे विचारते, हे वाक्य आपण सहज लिहून गेला आहात. पंचवीस वर्षांपूर्वी मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते असे सांगून निघणाऱ्या याच मुलीला नाना दारात उभे राहून जे विचारत असत, तेच शब्द आता तिच्या तोंडून त्यांना ऐकू यावेत. 'तुमच्या भल्यासाठीच सांगतेय' असे ती म्हणेल आणि नाना गप्प बसतील, कारण हे वाक्य कोणाचे आहे ते त्यांना ठाऊक आहे. तेथे येणारा हशा आपल्या शेजाऱ्यांना बोचणार नाही.

मात्र मुलांना खलनायक करू नये. अशा घरांतील मुलांच्या विरोधात आईचे दुःख, फ्लॅटची काळजी आणि नातेवाइकांची भीती अशी तीन सूत्रे एकमेकांत गुंतलेली असतात, आणि कोणते कोठे संपते हे त्यांनाही सांगता येत नाही. फ्लॅटचे तेवढे दाखवले की टाळ्या मिळतात, पण माणसे हातची जातात.

यातूनच मी आपल्या संहितेतील एका जागेकडे येतो. शिक्षिका घरी येणार म्हणून नाना पत्नीची हार घातलेली तसबीर भिंतीकडे वळवून ठेवतात. ती जागा कृपया काढून टाकावी. गेलेली पत्नी ही अशा नाटकातील न दिसणारी, पण मोठी भूमिका असते. तिला लपवले की नानांचे प्रेम हलके होते. माझी आई गेल्यानंतर तिच्या अक्षरातली 'मेतकूट' अशी चिठ्ठी चिकटवलेला डबा वडिलांनी फडताळातून हलवू दिला नव्हता. तो रिकामा होता, चिठ्ठीचे कोपरे सुटले होते, आणि तरीही दर रविवारी फडताळ पुसताना ते तो उचलून पुसून पुन्हा तेथेच ठेवत. आपल्या नाटकात असा एक डबा आणून पाहावा. पहिल्या अंकात शिक्षिका साखर शोधताना तो उघडतात, रिकामा आहे असे पाहतात आणि काही न बोलता झाकण लावतात. दुसऱ्या अंकात डबा भरलेला असतो आणि चिठ्ठी तीच असते. यावर कोणाच्याही तोंडी संवाद घालू नये.

नव्या खर्ड्यासह शेजाऱ्यांकडे अवश्य जावे, पण आधी त्यांना विचारावे की गेल्या काही वर्षांत लोक त्यांना काय काय विचारतात. 'जेवणाचे कसे करता?' हा प्रश्न त्यांनी किती वेळा ऐकला असेल याची मला कल्पना आहे. त्या एका प्रश्नावर आख्खा प्रवेश उभा राहतो.

प्रश्न : मी महाविद्यालयीन स्पर्धेसाठी एकांकिका लिहीत आहे. माझ्या कथेत प्रेमात पडते ती आई. ती ५४ वर्षांची आहे आणि वडील आठ वर्षांपूर्वी गेले आहेत. गटातील सर्वांचे म्हणणे असे की, आईऐवजी बाबा कर. बाबांवर लोक हसतील, आईवर अवघडतील. मी बदल करावा का?
— एक वाचिका, सदाशिव पेठ

उत्तर : करू नका. आपल्या मित्रांनी दुखणे बरोबर ओळखले आहे, उपाय मात्र चुकीचा सुचवला आहे.

हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याने मान्यता मिळाली १८५६ मध्ये. समाजाची मान्यता मिळायला त्यानंतर किती काळ गेला याची साक्ष आपल्याच शहरात आहे. ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातील विधवा गोदूबाईंशी विवाह केला आणि मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. कर्वे स्वतः विधुर होते. त्यांनी एखाद्या कुमारिकेशी दुसरे लग्न केले असते तर कोणी भुवईही उंचावली नसती. सारा राग वधू विधवा होती याचा होता. बाबा आणि आई यांच्याबाबत आपल्या गटाला जो फरक जाणवतो, तो त्याच रागाचा उरलेला गाळ आहे. पण जेथे शिक्षा उरलेली नाही आणि केवळ अवघडलेपण उरले आहे, तेथेच सुखात्मिका रंगते. अवघडणारे प्रेक्षक मिळणे हे आपले भाग्य समजावे.

शिक्षा पूर्णपणे गेली आहे असे मात्र समजू नये. काही ठिकाणी ती पैशांच्या रूपाने टिकून आहे. उदाहरणार्थ, भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेत विधवेला मिळणारे वेतन तिने पुनर्विवाह केल्यास बंद होते. त्यामुळे आपली नायिका लग्नाला कचरते ती केवळ लाजेने नव्हे, महिन्याच्या हिशेबानेही कचरते, हे एका वाक्यात आले तर ती एकदम खरी वाटू लागेल. याउलट, नवऱ्याच्या निधनानंतर वारसाने तिच्याकडे आलेली मालमत्ता पुढे लग्न केल्यामुळे जात नाही. 'लग्न केलेस तर घरावरचा हक्क सोडावा लागेल' असे एखाद्या काकांनी दरडावून सांगावे आणि तिने शांतपणे, चहा गाळता गाळता, त्यांना कायदा समजावून द्यावा. पुण्याच्या प्रेक्षकांकडून या जागेला टाळी न मिळाली तर मला आश्चर्य वाटेल.

आपल्या मसुद्यातील आई पहिल्या प्रवेशात दोनदा रडते. तेथे तिला थोडी मोकळीक द्यावी. या एकांकिकेतील उत्तम विनोद तिच्याच तोंडी असावेत. तुळशीबागेतला प्रसंग मात्र जसा आहे तसाच ठेवावा. ती टिकल्यांच्या पाकिटांपाशी रेंगाळते, दुकानदार सवयीने विचारतो, 'ताई, लहान देऊ की मोठी?', आणि ती उत्तर द्यायच्या आधी मुलीकडे पाहते. दुकानदाराच्या दृष्टीने हा रोजचा प्रश्न आहे. तिला तो आठ वर्षांत कोणी विचारलेला नाही. येथे मुलीने काय करावे, हे आपण अजून ठरवले नसल्याचे लिहिले आहे. माझ्या मते तिने लगेच हसून होकार देऊ नये. तिने क्षणभर दुसरीकडे पाहावे, आणि उरलेली एकांकिका त्या क्षणाची भरपाई करण्यात जावी.

प्रश्न : माझ्या नाटकाच्या शेवटी दोघे ज्येष्ठ सकाळी भांडण मिटवतात, दुपारी विवाह नोंदणी कार्यालयात जातात आणि संध्याकाळी घरी येऊन मुलांना पेढे देतात. कायद्याने हे चालेल का?
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर : चालणार नाही, आणि ते चालत नाही हीच आपल्या नाटकाची जमेची बाजू आहे. विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार आधी विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस वास्तव्य असावे लागते. ती नोटीस कार्यालयात सहज दिसेल अशा जागी लावली जाते. आणि तीस दिवस उलटल्यानंतरच, नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत, तीन साक्षीदारांसमोर विवाह होतो. त्याच दिवशी लग्न हवे असेल तर धार्मिक विधीने विवाह करून नंतर त्याची नोंदणी करता येते, पण मग आपल्या हातची मोठी गंमत जाईल.

तीस दिवस फलकावर टांगलेला कागद! देवलांच्या 'संशयकल्लोळा'त एक तसबीर भलत्या हाती पडते आणि सगळा घोटाळा सुरू होतो; आपल्यासाठी ती तसबीर म्हणजे ही नोटीस. भाडेकराराच्या कामासाठी गेलेल्या शेजाऱ्याने ती वाचली की दुसरा अंक आपोआप पळू लागेल. मुलगा तावातावाने हरकत घ्यायला जाईल आणि त्याला कळेल की हरकत कायद्यातील अटींवरच घेता येते : आधीचा जोडीदार हयात असणे, वयाची अट, निषिद्ध नातेसंबंध, मानसिक अक्षमता. 'मुलांना पसंत नाही' असा रकाना तेथे नाही. अधिकाऱ्याने हे त्याला अत्यंत सौजन्याने समजावून सांगावे.

कागदपत्रे देताना दोघांनाही पहिल्या जोडीदाराच्या मृत्यूचा दाखला द्यावा लागतो. ते दोन दाखले टेबलावर शेजारी शेजारी ठेवले जातात, त्या वेळी प्रवेशातील विनोद अर्धे मिनिट थांबू द्यावा. साक्षीदारांपैकी दोघे टेकडीवरचे मित्र असावेत आणि तिसरा ऐन वेळी येऊ शकत नाही असे व्हावे. जिन्यात घुटमळणारा मुलगा खिशातून आपले ओळखपत्र काढतो, हा आपल्या नाटकाचा खरा शेवट आहे. पेढे नंतर वाटता येतील.

प्रश्न : आम्ही ज्येष्ठांचा एक हौशी गट आहोत आणि मी ६१ व्या वर्षी प्रथमच नायिका होत आहे. आमच्या नाटकात दोघे शेवटी लग्न करत नाहीत. 'मग ही सुखात्मिका कसली?' असे काही जण विचारतात.
— एक वाचिका, औंध

उत्तर : जुन्या सुखात्मिका लग्नापाशी संपत, कारण तरुण जोडीचे घर तेथून सुरू होई. आपल्या नायक-नायिकेपाशी आधीच दोन घरे, दोन गॅसजोडण्या आणि भरलेली दोन फडताळे आहेत. त्यांच्यापुढचा प्रश्न कोणी कोठे राहायचे हा आहे, आणि त्याचे उत्तर मिळाले की नाटक पूर्ण होते. ज्येष्ठांनी लग्नाविनाही सहजीवनाचा विचार करावा म्हणून पुण्यात माधव दामले यांनी २०१२ मध्ये काम सुरू केले. तेव्हा आपल्या प्रेक्षकांना हा शेवट परका वाटेल असे मला वाटत नाही. फक्त तो तत्त्व सांगून करू नका. पहिल्या प्रवेशात आपण स्वतःच्या घराची किल्ली शोधत असता, ती शेवटच्या प्रवेशात पुन्हा आणा. आपण ती त्यांच्या हातावर ठेवा आणि एवढेच म्हणा : 'दार जरा ओढून घ्या, पावसाळ्यात फुगते.'