प्रश्न तुमचे : पोपटी जंगलं आणि शाईसारखी तळी

प्रश्न : फ्लाइट सिम्युलेटरसाठी जमिनीची उन्हाळी टेक्स्चर (जमिनीवर पसरायची चित्रं) मी स्वतः बनवतो. जंगल प्लास्टिकच्या झाडांसारखं पोपटी दिसतं. सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) उतरवलं की सगळंच राखाडी होतं. चूक कुठे होते?

उत्तर : सॅच्युरेशनला हात लावण्याआधी उजळपणा तपासा. जंगल पोपटी वाटतं, ते बहुतेक वेळा जास्त उजळ झाल्यामुळे.

ताजं पान हिरव्या प्रकाशातला साधारण १० ते १५ टक्के भाग परत फेकतं. लाल आणि निळ्यातला ५ टक्क्यांच्या आसपास. वरून बघताना पानांमधली सावलीही मिसळते, म्हणून अख्खं जंगल सुट्या पानापेक्षा बरंच काळपट दिसतं. गोंधळ घालतात ते अल्बेडोचे, म्हणजे एकूण किती प्रकाश परततो त्याचे, तक्ते. पानझडी जंगलासमोर तिथे ०.१५ ते ०.२० असा आकडा असतो आणि तोच सरळ टेक्स्चरमध्ये भरला जातो. पण त्यात अवरक्त प्रकाशही धरलेला आहे. पान तो ४०-५० टक्के परतवतं, आणि तो ना डोळ्याला दिसतो ना स्क्रीनला. ०.१८ अल्बेडो म्हणजे ८ बिटच्या एसआरजीबी चित्रात (नेहमीच्या स्क्रीनच्या ० ते २५५ पातळ्यांत) ११८, ०.०५ म्हणजे ६३. जंगलासाठी दुसऱ्या आकड्याच्या आसपास राहा.

आता करायचं असं. नुसत्या झाडीचा तुकडा निवडा, त्यावर अ‍ॅव्हरेज फिल्टर चालवा आणि मग आयड्रॉपरने रंग वाचा. एकेक पिक्सेल वाचून काही कळत नाही. भर उन्हाळ्यातल्या पानझडी जंगलाला लाल ५०, हिरवा ६३, निळा ४० ही सुरुवात बरी. सूचिपर्णी झाडी याहून काळपट ठेवा. हे आकडे पीबीआर (खऱ्या प्रकाशाच्या नियमांनी चालणारी) प्रकाशव्यवस्था असलेल्या सिम्युलेटरसाठी आहेत. जुन्या इंजिनात एकूण पातळी नजरेने वर घ्या, तिन्ही रंगांचं प्रमाण मात्र तेच ठेवा.

मूळ चित्र उपग्रहाचं असेल तर आणखी एक गोष्ट. त्यात हवेची निळसर झाक आधीच बसलेली असते आणि सिम्युलेटर त्यावर स्वतःचं धुकं चढवतो, म्हणजे एकाच हवेचे दोन थर. झाडीतली सगळ्यात गडद सावली बघा. तिथे निळा चॅनल लाल-हिरव्याच्या बराच वर असेल तर लेव्हल्समध्ये फक्त निळ्याचा काळा बिंदू आत सरकवा. सेंटिनेल-२ या उपग्रहाची चित्रं घेत असाल तर एल२ए प्रकारची घ्या. त्यांतला हवेचा परिणाम आधीच काढलेला असतो. १० मीटरचा पिक्सेल टेक्स्चरला पुरणार नाही, पण रंग जुळवायला तेवढा बस्स.

प्रश्न : फ्लाइट सिम्युलेटर एक्ससाठी फोटो सीनरी (खऱ्या हवाई फोटोंची जमीन) करतोय. शरदाचा थर लावला की १ तारखेला दरीपासून शिखरापर्यंत सगळं एकदम नारिंगी होतं.

उत्तर : रिसॅम्पल या जमीन बनवणाऱ्या साधनाच्या आयएनएफ (सूचनांच्या) फाइलमध्ये व्हेरिएशनला, म्हणजे चित्राच्या प्रत्येक ऋतूच्या प्रकाराला, महिने द्यावे लागतात, त्यामुळे बदल महिन्याच्या हद्दीवरच होणार. ते टळत नाही. पण चित्र एकरंगी असलंच पाहिजे असं कुठे आहे?

पानांचा रंग थंड भागात, म्हणजे उंचावर आणि उत्तरेकडे, आधी बदलतो. वसंतातली पालवी नेमकी उलट, खालून वर चढते. तिच्यासाठी हॉपकिन्सचा १९१८ चा नियम उत्तर अमेरिकेत अंदाजाला चालतो : उत्तरेकडे दर १ अक्षांशाला ४ दिवस उशीर आणि दर ४०० फूट चढाला तेवढाच. म्हणजे १,६०० फुटांच्या उतारावर पायथा आणि माथा यांत १६ दिवसांचा फरक. महिन्यातून एकदाच बदलणाऱ्या चित्रात तो दिसायलाच हवा. उंचीच्या नकाशावरून करडा मास्क (कुठे कुठलं चित्र किती दिसेल ते ठरवणारं चित्र) बनवा. शरदाच्या चित्रात माथ्याकडे निष्पर्ण करडं-तपकिरी, मध्ये पिवळं-नारिंगी आणि पायथ्याला अजून हिरवं असं त्या मास्कने मिसळा. सूचिपर्णी झाडी वेगळ्या मास्कने झाकून हिरवीच ठेवा. (लार्च तेवढा अपवाद, सुया असूनही तो पिवळा पडून झडतो.) लाल रंग जपून वापरा. पिवळा पानात आधीपासून असतो, हरितद्रव्य गेलं की उघडा पडतो. लाल अँथोसायनिन मात्र ठरावीक जातीच शरदात नव्याने बनवतात.

बाराही महिने एकेकदाच वाटले गेलेत ना, हे शेवटी मोजून बघा. भाग दक्षिण गोलार्धातला असेल तर यादी सहा महिने सरकवा. विषुववृत्तापाशी शरद विसरा. तिथे ओला आणि कोरडा असे दोन थर पुरतात.

प्रश्न : झाडं नारिंगी केली, पण लांबून त्यांच्याभोवती हिरवी कड दिसते.

उत्तर : पारदर्शक पिक्सेलमध्येही रंग असतो. तिथला जुना हिरवा मिपमॅप (लांबून दाखवायच्या लहान प्रती) बनताना कडेच्या पिक्सेलमध्ये मिसळतो. अल्फाला (पारदर्शकतेच्या चॅनलला) न शिवता पानांचा नवा रंग कडेबाहेर १६ पिक्सेल पसरवा आणि डीडीएस (टेक्स्चरची फाइल) निर्यात करताना मिपमॅप नव्याने बनवा. जवळ नारिंगी आणि लांब अख्खं झाडच हिरवं दिसत असेल, तर मिपमॅप जुनेच राहिलेत.

प्रश्न : ऑर्थोफोरएक्सपीच्या (हवाई फोटोंपासून एक्स-प्लेन सिम्युलेटरची जमीन बनवणारं साधन) टाइलमध्ये तळी शाईसारखी निळी आणि नदीच्या मध्ये पांढरे डाग. पाणी खरं कसं दिसेल?

उत्तर : पाण्याचा रंग दोन ठिकाणांहून येतो आणि फोटोत ते दोन्ही एकत्र चिकटलेले असतात. सरळ खाली बघताना पाण्याचा पृष्ठभाग जेमतेम २ टक्के प्रकाश परतवतो, म्हणून आतला रंग दिसतो. नजर लंबापासून ६० अंश कलली की ६ टक्के, ८० अंशांना सुमारे ३५ टक्के. उतरताना समोरचं तळं मुख्यतः आकाशाचा रंग दाखवतं आणि ते काम सिम्युलेटरच्या पाण्याचं आहे. तुमचे पांढरे डाग म्हणजे फोटोत गोठलेली सूर्याची चमक. सूर्य कुठेही गेला तरी ते तिथेच बसतात. क्लोन करून पुसा.

मग ऑर्थोफोरएक्सपीमधलं रेशो वॉटर हे सेटिंग बघा. जमिनीवरच्या पाण्यात ० म्हणजे फक्त फोटो, १ म्हणजे फक्त एक्स-प्लेनचं पाणी. मूळ आकडा ०.२५. स्वच्छ, खोल तळ्याला ०.५ च्या पुढे जा. गढूळ नदीला मात्र ०.२५ च्या जवळच राहा, नाहीतर गाळाचा तपकिरी रंग जाऊन नदी निळी होते. ब्राझीलमधल्या मानाउसजवळ काळी रिओ नेग्रो आणि गढूळ सोलिमोइस शेजारी शेजारी वाहतात. तिथे फोटो झाकला तर दोन नद्यांची एकच होईल. आकडा बदलल्यावर डीएसएफ (एक्स-प्लेनची जमिनीची फाइल) बनवण्याची शेवटची पायरी पुन्हा चालवा. समुद्रकिनाऱ्याची रेघ कापल्यासारखी दिसत असेल तर तो किनाऱ्यावर फोटो पाण्यात विरवणाऱ्या मास्कच्या रुंदीचा प्रश्न. तिथे मास्कची पायरीही पुन्हा करावी लागेल.

आणि पाण्यालाही ऋतू असतात. हिमनदीखालच्या तळ्यांचा फिरोजी रंग उन्हाळ्यात वितळलेल्या पाण्याबरोबर येणाऱ्या खडकाच्या पिठामुळे असतो. कॅनडातलं लेक लुईस हिवाळ्यात गोठलेलं असतं. जानेवारीच्या थरात ते फिरोजी ठेवू नका.