ग्लासगोतला उजेडाचा तास

चि. मुला,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा काळजी वाटली, दुसऱ्यांदा राग आला. राग तुझ्यावर नाही. सप्टेंबरपासून तुला ज्यांनी ज्यांनी सल्ले दिले त्यातल्या प्रत्येकाने जॅकेटबद्दलच सांगितलं, त्याचा राग आला. जॅकेट घेतलंस, थर्मल घेतलेस, लोकरीचे मोजे आईने पाठवले. आणि आता डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तू विचारतोयस की बाहेर तर चार-पाच अंश आहे, बर्फसुद्धा पडलेला नाही, मग सकाळी उठवत का नाही, अकराचं लेक्चर का बुडतं, मी आळशी झालोय का?

आळशी झालेला नाहीस. तुला उजेड मिळत नाहीये. सगळे तुला थंडीशी लढायला शिकवत बसले आणि इथला हिवाळा मुळात थंडीचा नाहीच, अंधाराचा आणि ओलीचा आहे. म्हणून या पत्रात मी एकच गोष्ट परत परत सांगणार आहे: उजेडाचा तास चुकवायचा नाही.

नकाशा उघड. स्कॉटलंडमधलं हे ग्लासगो जवळजवळ ५६ अंश उत्तरेला आहे, मॉस्कोपेक्षा किंचित वरच. मॉस्कोसारखी हाडं गोठवणारी थंडी इथे पडत नाही, कारण नैर्ऋत्येचा वारा अटलांटिकवरून ऊब घेऊन येतो. पण वारा ऊब आणतो, उजेड आणत नाही. २१ डिसेंबरला ग्लासगोत सूर्य पावणेनऊला उगवतो आणि दुपारी पावणेचारला मावळतो. जेमतेम सात तास. त्या दिवशी मुंबईला अकरा तास मिळतात. आणि तासांपेक्षाही उंची बघ. मुंबईत त्या दिवशी भर दुपारी सूर्य साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो, ग्लासगोत अकरासुद्धा नाही. हात समोर ताणून मूठ वळ आणि ती क्षितिजावर टेकव. ती मूठ साधारण दहा अंशांची. भर दुपारचा सूर्य त्या मुठीच्या जरासा वर असतो, बस. तुझी सावली त्या वेळी तुझ्या पाचपट लांब पडते.

आता तुझी खोली आठव. चार मजली जुनी दगडी इमारत, तू तळमजल्यावर, समोर तेवढीच उंच इमारत. अकरा अंशांचा सूर्य त्या रस्त्यात उतरणारच नाही. वर तू लिहितोस की फटीतून वारा येतो म्हणून पडदे दिवसभर ओढलेले असतात. अरे, मग तू नोव्हेंबरपासून राहतोयस कुठे? तळघरात! उजेड लक्समध्ये मोजतात. घरातल्या दिव्याखाली शंभर-दोनशे लक्स असतात. बाहेर ढग दाटून आलेले असले तरी दुपारी काही हजार लक्स मिळतात. आपल्या डोळ्याला तो फरक कळत नाही, कारण डोळा उजेडाशी जुळवून घेतो आणि तो फरक झाकून टाकतो. मेंदूतल्या घड्याळाला मात्र तो कळतो. सकाळ झाली हे त्या घड्याळाला सांगणारा भरपूर उजेड आला नाही, की ते रोज थोडं थोडं मागे सरकतं. तू रात्री दोनला आईशी बोलतोस, कारण तेव्हा तिकडे सकाळचे साडेसात असतात. म्हणजे मागे सरकणाऱ्या घड्याळाला तूच आणखी ढकलतोयस.

तेव्हा हे असं कर. रोज साडेअकरा ते साडेबारा बाहेर. ग्लासगोत हिवाळ्यात सूर्य सव्वाबाराच्या सुमारास सगळ्यात वर असतो, तोच काळ पकड. लेक्चर असेल तर सुटल्यावर लगेच, कँटीनच्या आधी. घड्याळ पुढे ओढायला सकाळचा उजेड जास्त उपयोगी, हे मला माहीत आहे. नऊला उठायला लागलास की वीस मिनिटं तेव्हाही बाहेर पड. पण आज तू दहालाही उठत नाहीस, म्हणून दुपारपासून सुरुवात. रस्त्याच्या उत्तरेकडच्या फुटपाथवरून चाल, कारण सूर्य दक्षिणेला असतो आणि ऊन पडलंच तर त्या बाजूला पडतं. अरुंद रस्ते सोडून मोकळ्यावर जा. क्वीन्स पार्कची टेकडी चढ, केल्विनग्रोव्हला जा, ग्लासगो ग्रीनला जा. गॉगल नको. पाऊस असला तरी जायचं. आईला फोन याच तासात कर. तुझे दुपारचे बारा म्हणजे तिचे संध्याकाळचे साडेपाच, ती चहा घेऊन बसलेली असते. तू चालत बोल, तिच्याशी बोलणंही होईल आणि रात्रीचे दोनही सुटतील.

उजेडाने जीवनसत्त्व ड मिळेल अशी मात्र समजूत करून घेऊ नकोस. या दोन गोष्टींची गल्लत सगळे करतात. ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत इथल्या उन्हात त्वचेला ड तयार करता येईल एवढे अतिनील किरण नसतात. त्यासाठी गोळी: रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजेच ४०० आययू. आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांना इथे ती बारा महिने घ्यायला सांगतात. भारतातून येताना ६०,००० आययूची पाकिटं आणली असशील तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय फोडू नकोस. रोजची वरची मर्यादा ४००० आहे.

उजेडाची पेटी, म्हणजे तो प्रखर दिवा, घेऊ का, असं विचारलंयस. घे, पण त्या तासाच्या बदल्यात नाही. घ्यायचीच तर १०,००० लक्सची, अतिनील गाळणारी. त्या डब्यावर १०,००० लक्स नेमके किती सेंटिमीटरवर मिळतात ते छापलेलं असतं. दुप्पट लांब ठेवलीस तर उजेड पावपट होऊ शकतो. उठल्यावर लगेच अर्धा तास, नाश्ता करताना, तोंडासमोर पण जरा बाजूला. तिच्याकडे टक लावून बघायचं नाही. संध्याकाळी लावलीस तर झोप आणखी उडेल. डोळ्यांचा काही आजार असेल, किंवा घरात कुणाला बायपोलर असेल, तर आधी जीपीला, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरला, विचार. आणि हे सगळं करूनही दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, जेवण जात नसेल, तर मला पत्र लिहू नकोस, सरळ जीपीची वेळ घे. जीपीकडे नाव नोंदवलंयस ना? नसेल तर उद्याच.

आता ओल. भिंतीच्या कोपऱ्यात काळी बुरशी आली, खिडकीच्या काचेवरून सकाळी पाणी ओघळतं, आणि तू फटींना चिकटपट्ट्या लावून खिडकी कायमची बंद केलीस. उलटं केलंस! आपल्याकडे पावसाळ्यात खिडकी उघडली की ओल आत येते, तीच समजूत तू इथे घेऊन आलास. इथे बाहेरची हवा गार असते आणि गार हवेत पाणी फारसं मावत नाही. ४ अंशांच्या हवेत घनमीटरला साधारण ६ ग्रॅम वाफ मावते, २० अंशांच्या हवेत १७ ग्रॅम. म्हणजे बाहेर पाऊस पडत असतानाही खिडकी उघडून ती हवा आत घेतलीस आणि तापवलीस, तर ती कोरडी हवा होते. तुझ्या खोलीतलं पाणी बाहेरून येत नाही. ते तुझ्या श्वासातून, भाताच्या कुकरमधून आणि खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर वाळत घातलेल्या कपड्यांतून येतं. मशीनमधून काढलेल्या एका खेपेच्या कपड्यांत दोन लिटरच्या आसपास पाणी असतं आणि ते सगळं तू खोलीत सोडतोस.

म्हणून खिडकीसुद्धा उजेडाच्या तासाला बांधून टाक. बाहेर पडायच्या आधी दहा मिनिटं दोन्ही खिडक्या सताड उघड्या, पडदे पूर्ण बाजूला. दहा मिनिटांत हवा बदलते, भिंती गार होत नाहीत. मग खिडक्या लाव आणि बाहेर पड. कपडे बाथरूममध्ये वाळत घाल, दार बंद, पंखा चालू. सकाळी काचेवरचं पाणी फडक्याने टिपून बेसिनमध्ये पिळ. ते फडकं रेडिएटरवर टाकू नकोस, नाहीतर टिपलेलं पाणी परत हवेतच गेलं. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढ. हीटर दिवसभर बंद आणि रात्री दोन तास भडकावून लावायचा, ही बचत नाही. गार पडलेल्या भिंतीवर गरम दमट हवा आदळते आणि तिथेच पाणी धरतं. १८ अंशांवर स्थिर ठेव, बिल परवडतं का ते महिनाभर बघ आणि मग बोलू.

बर्फाबद्दल तू सगळ्यात जास्त लिहिलंयस आणि मला त्यावर सगळ्यात कमी लिहायचंय. ब्रिटनमध्ये हिम पडतं तेव्हा तापमान बहुतेक शून्याच्या आसपास असतं, म्हणून ते ओलं, जड असतं आणि शहरात दुपारपर्यंत त्याचा चिखल होतो. फोटो काढ, आईला पाठव. वाऱ्याची दिशा मात्र बघत जा. वायव्येचा वारा असेल तर सरी ग्लासगोकडे येतात, पूर्वेचा असेल तर आधी एडिनबराकडे. २०१८ च्या फेब्रुवारीअखेर पूर्वेचा वारा इतका जोराचा होता की मध्य स्कॉटलंडला हिमाचा लाल इशारा दिला गेला आणि एम ८० महामार्गावर लोक रात्रभर गाडीतच अडकले. हवामान खात्याचा पिवळा इशारा आला तर लक्ष ठेव, अंबर म्हणजे नारिंगी आला तर बेत बदल, लाल आला तर घराबाहेर पाऊल टाकू नकोस. माझा नियम मोडायची परवानगी फक्त त्या दिवशी.

खरा धोका हिमाचा नाही, दुसऱ्या सकाळचा आहे. आणि त्याला हिम पडावंच लागतं असंही नाही. फोनवर दिसणारा आकडा जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवरच्या हवेचा असतो. रात्री आभाळ निरभ्र असेल तर फुटपाथ त्याहून कितीतरी गार होतो. फोन ३ अंश सांगत असतो आणि पायाखाली काचेसारखा थर धरलेला असतो. त्याच्याआडून दगड तसाच दिसतो, म्हणून त्याला इथे ब्लॅक आइस म्हणतात. गटाराची लोखंडी झाकणं, झेब्राचे पांढरे पट्टे, इमारतीच्या झिजलेल्या पायऱ्या, इथे लोक पडतात. पावलं लहान टाक, तळवा सपाट टेकव, वजन पुढच्या पायावर ठेव, हात खिशातून बाहेर. पायरीवर उकळतं पाणी कधीही ओतू नकोस, तासाभरात ते आणखी गुळगुळीत होऊन गोठतं. रस्त्याकडेच्या पिवळ्या पेट्यांत मिठाची खडी असते, ती ओंजळभर टाक. आणि बघ, साडेअकरा वाजेपर्यंत हा थर बहुतेक दिवशी सुटलेला असतो आणि सूर्य मावळला की परत धरतो. हेही त्याच तासाच्या बाजूने बोलतंय.

तू म्हणशील काकूंना एकच सूर लागलाय. लागलाय. हे मला फार उशिरा कळलं आणि मधले हिवाळे भरून येत नाहीत. या तासासाठी मी जेवणाची आमंत्रणं नाकारली आहेत, कामाच्या ठिकाणी वाईटपणा घेतलाय, आणि मला वाटतं मी बरोबरच केलं. दुपारी बाहेर जाणं म्हणजे कामचुकारपणा, असं ज्याला वाटतं त्याला वाटू दे. तू अभ्यास चारनंतर कर. अंधारात अभ्यास होतो, उजेड साठवता येत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर घाबरशील. संध्याकाळ सगळ्यात लवकर होते ती डिसेंबरच्या मध्याला, पण सकाळ सगळ्यात उशिरा होते ती वर्षाच्या अगदी शेवटी. त्यामुळे २१ तारखेनंतरही आठवडाभर सकाळ आणखी काळोखी वाटेल. जानेवारी संपताना साडेआठ तास झालेले असतील, फेब्रुवारी संपताना साडेदहा.

गरम पाण्याच्या पिशवीचं राहिलं. तुला फ्लॅटमध्ये जुनी मिळाली म्हणतोस, ती वापरण्याआधी तिच्या गळ्याजवळचं छोटं फूल बघ. मधला आकडा वर्षाचा, बारा पाकळ्या महिन्यांच्या, आतले ठिपके आठवड्यांचे. दोन वर्षांहून जुनी असेल तर फेकून दे, रबर फाटतं आणि मांडी भाजते. नव्या पिशवीतही उकळतं पाणी ओतू नकोस.

आता लांबलचक पत्र नको. रोज एका ओळीत कळव: किती वाजता बाहेर पडलास, किती वाजता परत आलास, खिडकी उघडली होतीस का. मन कसं आहे ते दोन आठवड्यांनी विचारीन. उद्या पाऊस आहे असं दिसतंय. टोपी घाल आणि जा.

तुझी,
काकू