टीईटीचं नंतर बघू, आधी पत्र कधी मिळालं ते सांगा

बाई, तुमच्यासारखे प्रश्न सप्टेंबर 2025 पासून सारखे येतायत. तुमची नेमणूक जून 2008 ची, डीएड, खाजगी अनुदानित शाळेत चौथीला शिकवता, वय 44, आणि संस्थेने पत्र दिलं की टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास नाही म्हणून सेवा समाप्त. तुम्ही चार पानं टीईटीवर लिहिलीत आणि पत्र मिळाल्याची तारीख शेवटच्या ओळीत, ती पण "साधारण चार महिन्यांपूर्वी". साधारण?

सगळं त्या तारखेवर अडलंय. खाजगी शाळा कर्मचाऱ्यांच्या 1977 च्या कायद्याचं कलम 9 वाचा, शाळा न्यायाधिकरणाकडे अपील पत्र हातात पडल्यापासून 30 दिवसांत करायचं असतं. पत्रात बडतर्फ हा शब्द नाही म्हणून थांबलात असं लिहिलंय, पण "अन्य प्रकारे सेवा समाप्त" हे पण त्याच कलमात आहे. आणि हे चार महिने शिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज देत बसलात, अहो तिथे अर्ज दिला म्हणून मुदत थांबत नाही. कोणी सांगितलं तुम्हाला थांबते म्हणून? स्टाफरूममध्येच ना?

आता उपाय एकच, अपिलासोबत विलंब माफीचा अर्ज. पुरेसं कारण पटलं तर न्यायाधिकरण उशिराचं अपील घेऊ शकतं, "घेतंच" असं मी म्हणणार नाही. ते जे अर्ज दिलेत त्यांच्या आवक शिक्क्याच्या प्रती, पत्र आलं तो पोस्टाचा लिफाफा (फेकला नसेल तर), आजारपण असेल तर त्याचे कागद, सगळं तारखेप्रमाणे लावा आणि याच आठवड्यात वकील गाठा, सुट्टी संपू दे वगैरे नको.

अपील एकदा आत गेलं की तुमची बाजू बरीच बरी आहे. 1 सप्टेंबर 2025 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने आरटीई (शिक्षणहक्क) कायद्याच्या आधी नेमलेल्या आणि निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त बाकी असलेल्या शिक्षकांना टीईटी पास व्हायला दोन वर्षं दिलीत, म्हणजे ऑगस्ट 2027 अखेरपर्यंत. संस्थेला एवढी घाई कसली ते तीच जाणे. फक्त संस्था अल्पसंख्याक असेल तर तिथे हे लागू होतं का हा मुद्दा मोठ्या खंडपीठाकडे गेलाय, मग मांडणी वेगळी करावी लागेल. मागचा पगार मिळेल का, स्थगिती मिळेल का, हे कागद बघितल्याशिवाय नाही सांगता येणार. अपील तीन महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न करावा असं कायद्यात लिहिलंय, मी वाचलंय, तुम्ही पण वाचा, पण त्यावर घराचे हप्ते ठरवू नका.

म्हणून केस चालू असली तरी टीईटीचा फॉर्म भराच, पेपर एक (पहिली ते पाचवीचा), 150 पैकी 90 गुण लागतात, राखीव प्रवर्गाला सवलत आहे. "सर्टिफिकेट करून देतो" म्हणणारा कोणी भेटला तर तिथून निघा, 2019-20 च्या टीईटी घोटाळ्यात पैसे देऊन पास झालेल्यांचं काय झालं ते माहितीये ना.

बालवाडीतल्या तुमच्या मैत्रिणीला पण तेच पत्र दिलंय म्हणे. टीईटी पहिली ते आठवीसाठी आहे. बालवाडीला एनसीटीईच्या (राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषद) 2014 च्या नियमांत बारावी 50 टक्के आणि दोन वर्षांचा नर्सरीचा डिप्लोमा किंवा बीएड नर्सरी एवढंच मागितलंय. तिचं अपील कुठे करायचं हा वेगळा वाद आहे, तिला स्वतंत्र लिहायला सांगा, आणि तारीख पहिल्या ओळीत.

राजीनाम्यावर सही मागतील. करू नका.