‘लिव्हरला गेलाय’ म्हणजे नेमकं काय, हे आधी विचारून घ्या

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं: आई अठ्ठावन्न वर्षांची, मोठ्या आतड्याचा कॅन्सर, पेट स्कॅनमध्ये लिव्हरवर तीन गाठी, पुढच्या आठवड्यात पहिली केमो. फाइलवर ‘पॅलिएटिव्ह’ असा शब्द आहे, ओपीडीत कुणीतरी ‘दीड-दोन वर्षं’ म्हणून गेलं, आणि घरी येणारा प्रत्येक जण ‘पॉझिटिव्ह राहा’ सांगून जातोय. ते राहायचं कसं आणि आईला किती सांगायचं, हे तुमचे दोन प्रश्न.

माझ्या नवऱ्याचा आजार जवळपास हाच होता, सुरुवात फक्त गुदाशयातून. तेव्हापासून ओळखीतल्या बऱ्याच जणांबरोबर ओपीडीच्या बाकांवर बसून झालंय. मी डॉक्टर नाही, हे लक्षात ठेवून वाचा.

‘पॉझिटिव्ह राहा’ हे मनावर घेऊ नका. प्रसन्न राहिल्याने गाठी विरघळत नाहीत आणि रडल्याने वाढत नाहीत. उलट या सल्ल्याने पेशंटवर भलताच बोजा पडतो. रिपोर्ट वाईट आला की त्याला वाटतं, मीच खचलो म्हणून असं झालं. आईला रडावंसं वाटलं तर रडू द्या, तुम्हीही रडा. आशा धरायची तर ती कशावर धरायची ते आधी बघू.

आतड्यांकडून येणारं रक्त पोर्टल व्हेनमधून आधी लिव्हरमध्ये जातं. त्यामुळे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या सुटलेल्या पेशींचा पहिला मुक्काम बऱ्याचदा तिथे पडतो, आणि काही जणांत तोच शेवटचाही असतो. म्हणूनच या कॅन्सरमध्ये चौथी स्टेज असूनही लिव्हरच्या गाठी ऑपरेशनने काढण्याचा विचार होतो. स्वादुपिंडातून लिव्हरला गेलेला कॅन्सर वेगळा वागतो, स्तनाचा वेगळा, आणि न्यूरोएंडोक्राइन नावाचा एक प्रकार तर वर्षानुवर्षं हळूहळू चालतो. तेव्हा ‘आमच्या मामांचा लिव्हरला गेला आणि तीन महिन्यांत आटोपलं’ असं कुणी सांगितलं, तर मामांचा सुरू कुठून झाला होता ते विचारा. बहुतेकांना माहीत नसतं.

आता तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: ही फाइल आणि स्कॅन लिव्हरची ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या सर्जनने पाहिलंय का? केमो देणाऱ्या डॉक्टरांनी पाहणं वेगळं. जिथे ट्युमर बोर्ड, म्हणजे वेगवेगळ्या शाखांच्या डॉक्टरांची बैठक, बसतो तिथे हे सगळे डॉक्टर फाइल एकत्र बघतात. किती गाठी आहेत यापेक्षा त्या कुठे आहेत आणि काढल्यावर चांगलं लिव्हर किती उरेल, याला जास्त महत्त्व असतं. निरोगी लिव्हरचा पाव ते एक तृतीयांश भाग नीट राहिला तरी भागतं, कारण ते पुन्हा वाढतं. उरणारा भाग कमी पडत असेल तर एका बाजूची रक्तवाहिनी बंद करून दुसरी बाजू आधी वाढवून घेतात. लहान गाठ सुई घालून जाळता येते. आणि आज ‘नाही काढता येणार’ म्हणाले तरी काही केमोनंतर गाठी आक्रसल्या की हाच प्रश्न पुन्हा विचारायचा असतो. नीट निवडलेल्या पेशंटमध्ये अशा ऑपरेशननंतर साधारण चाळीस टक्के जण पाच वर्षांनंतरही हयात असतात. पुन्हा गाठ येणं मात्र सर्रास घडतं, तेही लपवत नाही. माझ्या नवऱ्याला आली. दुसऱ्यांदाही काढता आली, तिसऱ्यांदा नाही.

२०२४ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्सच्या पुढाकारातल्या एका चाचणीत तर गाठी काढणं शक्य नसलेल्या काही पेशंटचं लिव्हर प्रत्यारोपण केलं होतं. केमोबरोबर प्रत्यारोपण ठरलेल्या गटात पाच वर्षं जगण्याचं प्रमाण सुमारे ५७ टक्के, नुसत्या केमोच्या गटात १३. निवड फार कडक होती, त्यामुळे लगेच त्यामागे धावू नका. आठ-दहा वर्षांपूर्वीचे आकडे वाचून आजचा अंदाज बांधू नका, एवढ्यापुरतं सांगितलं.

‘दीड-दोन वर्षं’ हा आकडा बहुधा मध्यक असतो: निम्मे त्याच्या आत जातात, निम्मे त्यापुढे जगतात, आणि पुढे जगणाऱ्यांत काही जण खूपच पुढे जातात. ऐंशीच्या दशकात ५-एफयू या एकट्या केमो औषधाच्या जिवावर हा मध्यक वर्षाच्या आसपास होता. अलीकडच्या औषधांच्या चाचण्यांमध्ये तो अडीच वर्षांच्या घरात गेला. आई या रांगेत कुठे आहे ते त्या आकड्यावरून कुणालाच कळत नाही. थोडाफार अंदाज बायोप्सीच्या तुकड्यावरच्या तपासण्यांवरून येतो: आरएएस आणि बीआरएएफ (गाठीच्या जनुकांतले बदल) आणि एमएसआय (गाठीच्या पेशींत डीएनएमधल्या चुका दुरुस्त होतात की नाही). या तिन्ही सांगितल्यात का, ते विचारा. पसरलेल्या आजारात एमएसआय-हाय, म्हणजे या चुका दुरुस्त न होणारा प्रकार, शंभरात चार-पाच जणांचाच निघतो, पण त्यांच्यातल्या काहींना इम्युनोथेरपीने (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या औषधांनी) वर्षानुवर्षं आराम पडलेला आहे.

दुसरं मत घ्यायला संकोच करू नका, चांगले डॉक्टर रागावत नाहीत. टाटाला जायचं ठरवलं तर राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती, दोन्हीकडे आधी फोन करा. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला आणि सोबत्याला सवलत असते. महात्मा फुले योजनेत तुमचं हॉस्पिटल आणि आईची केमो बसते का, ते पहिल्याच दिवशी योजनेच्या टेबलावर विचारा. बिल झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

लिव्हर म्हटलं की लोक काढे घेऊन येतात. गुळवेलीने लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवल्या आहेत. केमो चालू असताना ऑन्कोलॉजिस्टला न सांगता काहीही देऊ नका, मग आणणारी सख्खी आत्या का असेना. केमोत ऑक्झॅलिप्लाटिन नावाचं औषध असेल तर केमोनंतर काही दिवस गार पाणी, फ्रिजमधली वस्तू, थंड फरशीवर अनवाणी चालणं टाळायचं, नाहीतर हातापायांत आणि घशात मुंग्या येतात. ताप १००.४ च्या वर गेला, डोळे पिवळे दिसले, पोट फुगलं किंवा आई असंबद्ध बोलायला लागली, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं.

‘पॅलिएटिव्ह’ शब्दाला घाबरलात ते साहजिक आहे. केमोच्या पुढे तो लिहिलेला असतो तेव्हा ‘पूर्ण बरं करण्याची खात्री आज देता येत नाही, आजार आवरून धरतोय’ एवढंच म्हणायचं असतं. ऑपरेशन शक्य झालं तर तो शब्द बदलूही शकतो. आणि पॅलिएटिव्ह केअर म्हणून वेगळा विभाग असतो, तिथे शेवटी जायचं असतं हा गैरसमज आहे. दुखणं, मळमळ, झोप, भूक यांच्यासाठी त्यांना पहिल्या महिन्यातच भेटा. फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरवरच्या २०१० च्या एका अमेरिकन अभ्यासात सुरुवातीपासून ही मदत घेतलेले पेशंट बरे राहिले आणि सरासरीने थोडे जास्त जगलेही. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र आहे, तिथे पैसे घेत नाहीत.

आमच्याकडे आशा बदलत गेली. आधी ‘सगळं काढून टाकतील’, मग ‘पुढच्या स्कॅनमध्ये वाढलेलं नसू दे’. तिसऱ्या वेळी गाठी काढता येणार नाहीत हे कळल्यावर, केमोच्या सुट्टीत, ऑन्कोलॉजिस्टला विचारून ह्यांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं. नातेवाईक म्हणाले, आता कशाला? हे म्हणाले, पेपर मला वाचायचाय, तुम्हाला नाही. त्यानंतर दोन दिवाळ्या पेपर वाचला, अग्रलेखांवर चिडचिडही केली. तुमच्या आईचं असं काय आहे ते तिला विचारा. ते केमोच्या तारखांच्या मध्ये बसवता येतं.

सांगण्याबद्दल. आपल्याकडे फाइल लपवतात आणि पेशंटला सगळं माहीत असतं. आकडे तिच्या अंगावर फेकू नका, पण ‘आई, डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुला किती ऐकायचंय?’ एवढं विचारा आणि ती म्हणेल तिथपर्यंतच जा. काही जणी म्हणतात, मला फक्त पुढची तारीख सांग. तेही चालतं. फक्त खोटं बोलू नका, कारण तिसऱ्या-चौथ्या केमोपर्यंत ते उघडं पडतं आणि मग खऱ्या चांगल्या बातमीवरही तिचा विश्वास बसत नाही.

सर्जन काय म्हणाले आणि एमएसआय काय आलं, ते कळलं की लिहा. त्यावरून पुढे काय विचारायचं ते सांगता येईल.