मोजणीच्या जाळीआडून : वाचकांचे प्रश्न

लिपिक म्हणून महसूल खात्यात लागले, नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. मधल्या काळात १९९६ ते २०१९ अशा सात लोकसभा निवडणुका अंगावरून गेल्या. २०२४ चा निकाल मात्र पहिल्यांदाच घरी, टीव्हीसमोर बसून पाहिला. खरं सांगते, मोजणीच्या हॉलमध्ये असताना जेवढं कळायचं त्याच्या निम्मंही कळलं नाही. म्हणूनच बहुधा तुमची एवढी पत्रं आली. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, थोडी निवडली आहेत.

२०२४ ला महाराष्ट्रात भाजपला २६ टक्के मतं आणि ९ जागा, काँग्रेसला १७ टक्के मतं आणि १३ जागा. मुलं वर्गात विचारतात, मला नीट सांगता येत नाही.
*— एक शिक्षक, नांदेड*

सर, फळ्यावर आधी दोनच आकडे लिहा : २८ आणि १७. भाजपने ४८ पैकी २८ जागा लढवल्या, काँग्रेसने १७. टक्केवारी काढतात ती राज्यभरातल्या सगळ्या मतांवर. ज्या मतदारसंघात यंत्रावर कमळच नव्हतं तिथे कमळाला मत पडणार कुठून? पंजाचंही तेच. आता २६.१८ ला २८ ने भागा आणि १६.९२ ला १७ ने. मुलांनाच करू द्या. दर जागेमागे काँग्रेसचा आकडा किंचित जास्त येतो. ढोबळ हिशेबाने, भाजपने जिथे लढवलं तिथे त्याला सुमारे ४५ टक्के मतं पडली आणि काँग्रेसने जिथे लढवलं तिथे तिला ४८ च्या आसपास. म्हणजे तुमच्या मुलांना जे उलटं वाटतंय ते तेवढं उलटं नाही.

खरी गंमत पुढे आहे. पक्ष सोडा, आघाड्या धरा. महाविकास आघाडीच्या तीन पक्षांची बेरीज ४३.९ टक्के. महायुतीच्या तिघांची ४२.७, त्यात महायुतीकडून परभणीला लढलेल्या राष्ट्रीय समाज पक्षाची मतं मिळवली की फरक आणखी कमी होतो. आणि जागा? ३० विरुद्ध १७, सांगलीला एक अपक्ष. एका टक्क्याच्या आतबाहेरच्या फरकाला तेरा जागांचं अंतर! आपल्याकडे मतदारसंघात ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून येतो, मग एक लाखाने येवो की एका मताने. दुसऱ्या क्रमांकाच्या मतांची पुढे कुठेच बेरीज होत नाही. मोजून झाली की ती नमुना २० मध्ये, म्हणजे अंतिम निकालाच्या तक्त्यात, जातात आणि तिथेच राहतात.

थोड्या जागी दाट मतं असणं आणि सगळीकडे पातळ असणं, यात केवढा फरक पडतो ते पाहायचं असेल तर देशाचा तक्ता काढा. बसपाला २ टक्क्यांहून थोडी जास्त मतं आणि जागा शून्य. द्रमुकला त्याहून कमी, १.८ टक्के, आणि जागा २२. द्रमुकची मतं सगळी तामिळनाडूत, तीही आघाडीतल्या मित्रांच्या मतांच्या जोडीने. बसपाची देशभर पसरलेली.

मुंबई उत्तर पश्चिममध्ये दुपारी एक उमेदवार पुढे होता, संध्याकाळी दुसराच निवडून आला. तुम्ही आत राहिलेल्या आहात म्हणून विचारतो, असं होऊ शकतं का?
*— एक रिक्षाचालक, जोगेश्वरी*

भाऊ, त्या हॉलमध्ये मी नव्हते, त्यामुळे तिथे कोण काय बोललं हे मला विचारू नका. आकडे मात्र जाहीर आहेत. यंत्रांवरची मतं अमोल कीर्तिकर यांना ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकर यांना ४,५१,०९४. नऊ लाख मतांत एका मताचा फरक! मग टपाली मतपत्रिका : वायकर १,५५०, कीर्तिकर १,५०१. बेरीज केली की वायकर ४८ मतांनी पुढे.

टपाली मतं घ्यायला सकाळी आठला सुरुवात होते आणि अर्ध्या तासाने यंत्रं उघडतात. लोकांना वाटतं, टपाली म्हणजे नऊपर्यंत उरकली. तसं होत नाही. यंत्राचं काम सोपं असतं : कंट्रोल युनिटचं सील दाखवायचं, ‘रिझल्ट’चं बटण दाबायचं, जाळीपलीकडच्या उमेदवारांच्या प्रतिनिधींना आकडा दिसेल असं यंत्र धरायचं, लिहून घ्यायचं, सह्या. टपालीत एकेक पाकीट हाताने. बाहेरच्या पाकिटात घोषणापत्र आहे का, त्यावर सही आहे का, साक्षांकन (म्हणजे ती सही त्याच माणसाची असल्याची अधिकाऱ्याची खूण) आहे का, मतपत्रिकेचा क्रमांक जुळतो का. मगच आतलं पाकीट. काही बाद होतात, त्यावर प्रतिनिधी हुज्जत घालतात. फरक बारीक असेल तर बाद झालेल्या मतपत्रिका पुन्हा एकदा काढून पाहाव्या लागतात. तेवढ्या वेळात टीव्हीवाले तीनदा निकाल लावून मोकळे होतात.

आणि ४८ हा काही विक्रम नाही. १९८९ मध्ये आंध्रातल्या अनकापल्लीत आणि १९९८ मध्ये तेव्हाच्या बिहारमधल्या राजमहलमध्ये उमेदवार ९ मतांनी निवडून आले आहेत. तेव्हा तर कागदी मतपत्रिका. पन्नास-पन्नासच्या गड्ड्या बांधताना बोटांची सालं निघायची. एका रात्री आमच्या टेबलावर एका गड्डीत एकोणपन्नासच निघाल्या, तर पन्नासावी शोधायला आम्ही टेबलाखाली रांगत होतो. ती साहेबांच्या चहाच्या कपाखाली सापडली. साहेब कोण ते विचारू नका.

मतं समान पडली तर?
*— एक विद्यार्थिनी, लातूर*

चिठ्ठी. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ६५. ज्याची चिठ्ठी निघेल त्याला एक मत जादा मिळालं असं धरतात. २०१७ ला मुंबई महापालिकेच्या एका प्रभागात असा प्रसंग आला होता, चिठ्ठीवर नगरसेवक ठरला.

माझ्या सासऱ्यांनी तुतारीला मत दिलं असं ते छातीठोक सांगतात. मला शंका आहे की त्यांनी पिपाणीला दिलं. यंत्रावर असं सारखं चिन्ह ठेवतातच कसं?
*— एक गृहिणी, कोरेगाव*

ताई, शंका रास्त आहे, पण सासऱ्यांना हे पत्र दाखवू नका. शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह होतं ‘तुतारी वाजवणारा माणूस’. आणि आयोगाच्या मुक्त चिन्हांच्या यादीत एक वाद्य होतं, त्याचं मराठी नाव यादीत ‘तुतारी’ असंच छापलेलं. चित्र पिपाणीसारखं, म्हणून लोक पिपाणी म्हणायला लागले. ते चिन्ह बऱ्याच ठिकाणी अपक्षांनी मागून घेतलं.

तुमच्या साताऱ्यात उदयनराजे भोसले ३२,७७१ मतांनी आले आणि पिपाणीवाल्या अपक्षाला ३७ हजारांहून अधिक मतं पडली. ती सगळी तुतारी वाजवणाऱ्या माणसावर लढलेल्या शशिकांत शिंदे यांच्याकडेच गेली असती असं मी म्हणणार नाही. मतदाराच्या मनात काय होतं हे यंत्र लिहून ठेवत नाही. पण त्या अपक्षाची गावोगाव कुणी सभा ऐकली होती का, एवढं तुम्हीच सांगा. दिंडोरीत तर आडनावही जुळलं. भास्कर भगरे तुतारी वाजवणाऱ्या माणसावर निवडून आले आणि दुसऱ्या एका भगरेंनी पिपाणीवर लाखाहून जास्त मतं घेतली. भास्कर भगरेंचं मताधिक्य सव्वा लाखाच्या आतलं होतं, म्हणजे थोडक्यात निभावलं.

नामसाधर्म्याचा खेळ जुना आहे. रायगडला २०१४ मध्ये सुनील तटकरे २,११० मतांनी हरले आणि यंत्रावर आणखी एक सुनील तटकरे होते, त्यांना नऊ हजारांवर मतं पडली. कायद्याने कुणाला त्याच्या नावामुळे उभं राहायला बंदी करता येत नाही, आणि करूही नये. आता यंत्रावर उमेदवाराचा फोटो असतो तो यासाठीच. पण सत्तरीतला माणूस आत आल्यावर फोटो बघत नाही, घरातून पाठ करून आलेलं चिन्ह शोधतो. माझी आई तर यंत्रावरची जागा पाठ करून जायची, ‘वरून तिसरं’. एका वर्षी अर्ज मागे घेतले गेले आणि तिचं तिसरं दुसऱ्यावर गेलं. आम्ही आदल्या रात्री तिला दुसरं पाठ करून घेतलं.

नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर निवडणूक रद्द होते असं आमच्या ग्रुपवर आलंय. खरं?
*— एक निवृत्त बँक कर्मचारी, अकोला*

लोकसभेला नाही. इंदूरला २०२४ मध्ये काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला आणि नोटाला २,१८,६७४ मतं पडली, दुसऱ्या क्रमांकाची. निवडून आलेले शंकर लालवानी अकरा लाखांहून जास्त मताधिक्याने आले. नोटा पहिला आला असता तरी माणसांमध्ये जो पहिला तोच खासदार झाला असता. डिपॉझिटच्या हिशेबातही नोटा धरत नाहीत : वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत तर २५ हजार रुपये जप्त, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराचे साडेबारा हजार. ग्रुपवर हे उत्तर टाका, पण वाद घालत बसू नका.

भाजपला २४० जागा, बहुमताला २७२ लागतात. मग सरकार नेमकं कुणामुळे झालं? टीव्हीवर सगळे आंध्र आणि बिहारच म्हणत होते. आणि सांगलीचे विशाल पाटील कुणाकडे धरायचे?
*— एक दुकानदार, जळगाव*

शेठ, तुम्ही वही घ्या. २४०. तेलुगू देसमचे १६, जनता दल युनायटेडचे १२. झाले २६८. चार कमी! म्हणजे नुसत्या त्या दोघांवर गाडी पोचत नाही. शिंदे यांच्या शिवसेनेचे ७ घातले की २७५. चिराग पासवान यांच्या पक्षाचे ५ घातले की २८०. असं करत एनडीए २९३ वर गेली. आपल्या राज्यातल्या सात जागांचं वजन त्या बेरजेत कुणी फारसं बोलून दाखवलं नाही, याचं मला नवल वाटलं.

निकाल ४ जूनला, आयोगाने निवडून आलेल्यांची यादी राष्ट्रपतींकडे दिली ६ जूनला, शपथविधी ९ जूनला. हे पटकन झालं कारण निवडणुकीआधीच आघाडी बांधलेली होती. १९९६ ला तसं नव्हतं. भाजप १६१ वर सर्वांत मोठा पक्ष, वाजपेयींना बोलावलं, तेरा दिवसांत राजीनामा. मग पंतप्रधान झाले देवेगौडा, त्यांच्या जनता दलाचे खासदार होते ४६! आणि १९९९ च्या एप्रिलमध्ये वाजपेयींचं सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं. त्या बातमीने आमच्या कचेरीत सन्नाटा पसरला होता. लोकशाहीची काळजी म्हणून नव्हे, दीड वर्षात पुन्हा मतदार याद्या, पुन्हा पेट्या, पुन्हा ड्यूटी, म्हणून. उन्हाळ्याची रजा मंजूर झालेल्या एका सहकाऱ्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं होतं.

सांगलीच्या विशाल पाटलांबद्दलही तुम्ही विचारलंय. ते लिफाफा चिन्हावर अपक्ष निवडून आले आणि काँग्रेसला पाठिंबा दिला. पक्षात प्रवेश केला असता तर राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाप्रमाणे, म्हणजे पक्षांतरबंदीमुळे, खासदारकी गेली असती. अपक्षाने पाठिंब्याचं पत्र द्यावं, पक्षाचं सदस्यत्व घेऊ नये. म्हणून काँग्रेस कागदावर ९९ आणि बोलण्यात शंभर.

मुलगा जर्मनीत असतो. तो म्हणतो तिथे जेवढी मतं तेवढ्या जागा, मत वाया जातच नाही. आपण ती पद्धत का घेत नाही?
*— एक आई, पुणे*

‘वाया जातच नाही’ हे काही खरं नाही. तिथे पाच टक्क्यांची अट आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत साहरा वागेनक्नेख्त यांच्या पक्षाला ४.९८ टक्के मतं मिळाली आणि सुमारे साडेनऊ हजार मतं कमी पडल्याने यादीवरची एकही जागा मिळाली नाही. ती मतं चोवीस लाखांच्या पुढे होती. शिवाय कुणालाच बहुमत मिळत नाही, त्यामुळे बोलणी चालत राहतात : निवडणूक २३ फेब्रुवारीला, मेर्त्स चॅन्सेलर, म्हणजे तिथले सरकारप्रमुख, झाले ६ मे रोजी, तेही संसदेतल्या मतदानाच्या त्याच दिवशीच्या दुसऱ्या फेरीत. पद्धत वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण तिथे खासदारांतले बरेच जण पक्षाच्या यादीवरून येतात. आपल्या लोकांना ‘आमचा खासदार’ लागतो, ज्याच्या दारात लग्नपत्रिका घेऊन जाता येतं. मला स्वतःलाही लागतो.

तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांची मतं मोजलीत. स्वतः मत कधी दिलंत का?
*— नाव दिलेलं नाही, पत्ता वाईचा*

हा प्रश्न कुणीतरी माझ्या ओळखीच्या माणसाने मुद्दाम पाठवला आहे, आणि कोण ते मला समजलं आहे. आता कर्मचाऱ्यांना सुविधा केंद्रावरच मत देता येतं, तेव्हा टपाली मतपत्रिकेची पाकिटं घरी यायची. एका वर्षी मी दुसऱ्या मतदारसंघात केंद्राध्यक्ष होते. माझ्या केंद्रावरच्या तिघांच्या घोषणापत्रांवर मीच साक्षांकन केलं. केंद्राध्यक्षाला तो अधिकार असतो. मग माझं पाकीट भरलं, सही केली, चिकटवलं, टाकलं. मोजणीच्या रात्री टपालीच्या टेबलावरची मैत्रीण चहाला भेटली. तिघांची पाकिटं घेतली होती. माझं बाद. माझ्या घोषणापत्रावर साक्षांकन करायला दुसरं कुणीतरी लागतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.