अकराचा चहा

"मॅडम, घरून काम करताना मधेच बरं वाटतं ना, त्याचीच मला लाज वाटते."

समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत त्या हे बोलल्या आणि बोलून झाल्यावर खिडकीबाहेर बघत बसल्या. घरून काम करणारे बरेच जण थोड्याफार फरकाने हेच सांगतात: जरा निवांत झालं की चोरी केल्यासारखं वाटतं. म्हणून त्यांच्या परवानगीने, ओळखीच्या खुणा बदलून, हे लिहिते आहे.

त्या पस्तिशीच्या, पुण्यातल्या एका कंपनीत टेस्टिंगचं काम करणाऱ्या. मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप घरी आला, तो बराचसा घरीच राहिला. त्याआधी धायरीहून हिंजवडीला जायला दीड तास आणि यायला दीड तास लागायचा. ते तीन तास वाचले, आणि त्यांनी तेही कामालाच देऊन टाकले. आपण जागेवर आहोत हे दाखवणारा चॅटवरचा हिरवा ठिपका पिवळा होऊ नये म्हणून फोडणी देतानाही लॅपटॉप ओट्यावर. त्यात सासूबाईंचं "घरीच तर असतेस!" संध्याकाळी डोकं ठणकायचं, मुलावर ओरडणं व्हायचं, आणि दिवस कुठे गेला ते सांगता यायचं नाही.

झोप, भूक, मनाची उभारी आधी नीट विचारून घेतली. नैराश्याची लक्षणं दिसली असती तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं, तशी नव्हती. मग त्यांना एक वही दिली. दर तासाला काय केलं ते लिहायचं आणि पुढे ० ते १० मध्ये दोन आकडे मांडायचे: आनंद किती, आणि काही जमवल्याचं समाधान किती. ही पद्धत अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी नैराश्याच्या रुग्णांसाठी वापरली. नुसत्या दमलेल्या माणसालाही ती उपयोगी पडते, असा माझा अनुभव.

पुढच्या आठवड्यात वही उघडली. मंगळवार, सकाळी अकरा: 'गॅलरीत चहा. ऊन आलं होतं. आनंद २.'

"दोनच का?"

"फोन हातात होता. कुणाचा मेसेज आला तर..."

"ऑफिसात चहाला किती वेळ जायचा?"

"वीस-पंचवीस मिनिटं. आम्ही चौघी खाली टपरीवर जायचो."

"तेव्हा चोरी वाटायची?"

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "नाही. सगळेच जायचे ना."

मला वाटतं, गाठ इथेच होती. टपरीवरच्या चहाला तीन मैत्रिणींची साथ होती. गॅलरीत त्या एकट्या, आणि स्वतःवर पहारा ठेवणाऱ्याही त्याच. अशा माणसाला "छोट्या गोष्टींत आनंद शोधा" असं मी कधीच सांगत नाही. त्यांना ऊन दिसत होतं, चहाचा वास येत होता. पण 'कामाच्या वेळेत कामच झालं पाहिजे' यातला तो 'च' त्यांना घोट घेऊ देत नव्हता. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती या हट्टी 'च'लाच हात घालते. कामाच्या वेळेत काम व्हावं, ही इच्छा रास्तच आहे. तिचा हुकूम झाला की माणूस पंधरा मिनिटांच्या चहालाही गुन्हा समजतो.

काही कंपन्या खरोखर मिनिटामिनिटाची नोंद ठेवतात. तिथे ही भीती नुसती मनातली नसते, आणि मंजूर सुट्टीतच चहा बसवावा लागतो. यांच्याकडे तसं नव्हतं. म्हणून प्रयोग ठरला: पाच दिवस अकराला टीमला 'चहाला जाते, पंधरा मिनिटांत येते' असं कळवायचं, फोन आत ठेवायचा, आणि काय बिघडेल याचा अंदाज आधी वहीत लिहायचा. त्यांनी लिहिलं, 'मॅनेजर विचारतील.'

पाच दिवसांत मॅनेजरांनी काहीच विचारलं नाही. एकदा एका सहकाऱ्याचा मेसेज पडून होता. दहा मिनिटांनी उत्तर दिलं, काम झालं. आनंदाचा आकडा मात्र लगेच वर गेला नाही. पहिले दोन दिवस ३ वरच होता. त्यांची नजर सारखी घड्याळाकडे जायची.

चौथ्या भेटीत वही त्यांनी स्वतःच माझ्यापुढे सरकवली. गुरुवार, दुपारी चार: 'आईंबरोबर मटार सोलले. त्यांनी त्यांच्या माहेरच्या विहिरीची गोष्ट सांगितली. आनंद ८.' खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'ठिपका पिवळा झाला होता. नंतर बघितलं.'